जनरेटरवरचा ईएलसीबी (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) सारखा पडतो, म्हणजे पुरवठा तोडतो. 30 ऐवजी 100 मिलिअँपिअरचा बसवावा का?

बसवू नका. तुम्ही लिहिले आहे की पोर्टेबल जनरेटरवर ड्रिल किंवा छोटा कटर चालवला तर ईएलसीबी टिकतो, मोठी मोटर सुरू केली की पडतो, मोटर मात्र तपासून निर्दोष ठरली आहे आणि ब्रेकरही नवा आहे. 100 किंवा 300 मिलिअँपिअरचे ब्रेकर आगीपासून बचावासाठी मुख्य फीडरवर (मुख्य पुरवठा नेणाऱ्या केबलवर) असतात. माणूस जे यंत्र हातात धरणार, त्यावर 30 च्या पुढे जाणे म्हणजे त्याच्या जिवासाठी आखलेली मर्यादाच पुसून टाकणे होय.

अगदी हाच प्रकार मी एका बांधकामावर अनुभवला आहे. विजेचे काम तिथे माझ्याकडे होते. जनरेटरपासून लांब केबल टाकलेली होती आणि तिच्या टोकाच्या बोर्डावर ग्राइंडर, ड्रिल आणि काँक्रीटचा व्हायब्रेटर चालत असे. सकाळी व्हायब्रेटर चालू केला की ईएलसीबी पडे. ऊन चढल्यावर तोच व्हायब्रेटर सुरळीत चाले. सुपरवायझरांनी आधी व्हायब्रेटरला दोष देऊन त्याची मोटर रिवाइंड करून आणली, मग ब्रेकर बदलला, आणि नवा ब्रेकरही पडू लागल्यावर ‘हे ब्रेकर असतातच नाजूक’ असे म्हणत वायरमनला जंपर टाकून तो बायपास करायला सांगितले. मी विरोध केला तेव्हा सगळ्यांसमोर मला कामात खोडा घालणारा ठरवण्यात आले. त्यांचा सगळा भरवसा एका मोजणीवर होता: फेज आणि अर्थ यांच्यातले इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासले होते आणि ते उत्तम निघाले होते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मेगर लावण्याची गरज कोणालाही वाटली नव्हती, कारण ज्या तारेचा शॉक बसत नाही तिच्यामुळे ब्रेकर कसा पडेल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

ही समजूत साफ चुकीची आहे आणि ती अजूनही सर्रास आढळते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत आला की नाही, एवढेच ईएलसीबी पाहतो. जनरेटरचा न्यूट्रल बॉडीशी जोडलेला असेल आणि पुढे कुठेही न्यूट्रल व अर्थ एकमेकांना टेकले, तर परतीच्या प्रवाहाला दुसरी वाट मिळते. त्यातून किती प्रवाह जाईल हे न्यूट्रलच्या तारेत किती व्होल्ट पडतात यावर ठरते. लांब केबलवर जड मोटर सुरू होताना चार व्होल्ट सहज पडतात. ओलसर जोडातला तो मार्ग 100 ओहमचा धरला तरी 40 मिलिअँपिअर अर्थमधून निघून जातात आणि 30 चा ब्रेकर पडतो. ड्रिलच्या प्रवाहाने अर्धाच व्होल्ट पडला, तर गळती पाचच मिलिअँपिअर होते आणि ब्रेकर टिकतो. दोष केबलमध्ये असतो आणि खापर मोठ्या यंत्रावर फुटते.

मी सर्व यंत्रांचे पिन टॉप (प्लग) काढले, केबल जनरेटरपासूनही सोडवली आणि 500 व्होल्टचा मेगर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात लावला. किमान 1 मेगओहम दाखवायला हवा होता. काटा शून्यावरून हललाच नाही. केबलच्या मध्यावर टेप गुंडाळलेला एक जोड जमिनीवर पडलेला होता. टेप उलगडली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते, तांब्यावर हिरवा थर चढला होता, आणि न्यूट्रलच्या पिळापासून अर्थच्या पिळापर्यंत ओल्या मातीची करडी रेघ गेली होती. रात्रीच्या दवाने ती रेघ भिजे आणि उन्हाने वाळे. जोड कापून तिथे पाणी आत न शिरणारा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट बसवला. त्यानंतर पहाटेही ब्रेकर पडला नाही.

तुम्हीही याच क्रमाने जा. आधी रिकामी केबल, मग एकेक यंत्र, आणि प्रत्येक वेळी फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ अशा दोन्ही मोजण्या घ्या. मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर मिळाला तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा त्याच्या जबड्यात एकत्र घ्या; दिसेल तो आकडा गळतीचाच असेल. सगळे स्वच्छ निघूनही ब्रेकर पडत असेल, तर छोट्या गळत्यांची बेरीज करून पाहा. 30 लिहिलेला ब्रेकर 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणून एका ब्रेकरवरची कायमची गळती 9 मिलिअँपिअरच्या आत राहिलेली बरी. ग्राइंडरमध्ये कार्बन ब्रशची भुकटी साचते, तीही उघडून साफ करा.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या यंत्रावर फेज आणि न्यूट्रल यांच्यात मेगर लावू नका. दोन्ही एकत्र जोडून त्यांचे अर्थशी मोजमाप घ्या. जनरेटर इमारतीच्या वायरिंगला जोडत असाल आणि न्यूट्रल-अर्थची जोडणी दोन्हीकडे असेल, तर केबल निर्दोष असूनही ब्रेकर पडेल. तिथे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा चेंजओव्हर (पुरवठा बदलणारा स्विच) लागतो. तुमच्या जनरेटरचा न्यूट्रल फ्लोटिंग, म्हणजे बॉडीशी न जोडलेला, असेल तर मी वर सांगितलेले कारण लागू होत नाही. अशा जनरेटरवर ब्रेकरचे टेस्ट बटण दाबल्यावर ब्रेकर पडतो, पण पहिल्या दोषाला तो पडेलच असे नाही, त्यामुळे बटणावर विसंबू नका.

आणि तुमचे वरिष्ठ जंपर टाकायला सांगत असतील, तर तो आदेश सहीनिशी लेखी मागा. मी मागितला होता. तो कागद मला कधीच मिळाला नाही आणि जंपरही टाकला गेला नाही.