लिगामेंटमधलं बल मोजायला बकल ट्रान्सड्यूसर बरा की स्ट्रेन सेन्सर?

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी बोकडाच्या गुडघ्यातल्या एसीएलवर (सांध्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणाऱ्या लिगामेंटवर, म्हणजे अस्थिबंधावर) येणारं बल मोजायचंय आणि या दोहोंतलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नेमकं हेच मी कोल्हापुरात केलंय आणि त्यावरून गाईडशी वाजलंयसुद्धा.

बकल (लिगामेंटवर बसवून त्यातलं बल मोजायचं साधन) उद्यमनगरात करून घेतलं. नखाएवढी स्टीलची चौकट, मधे आडवी दांडी. मिस्त्री म्हणाला, "एवढं बारीक बक्कल कुणाच्या पट्ट्याला, साहेब?" म्हटलं, "बोकडाच्या." काम मात्र चोख केलं गड्यानं. रविवारी मटणाच्या रांगेत "गुडघा अख्खा ठेवा, सांध्यात सुरी घालू नका" म्हणणारा मी एकटाच. मागच्यांना वाटलं, पांढऱ्या रश्श्याचा काहीतरी नवा प्रकार असणार.

लिगामेंट दांडीवरून वळवून बकलमध्ये बसवलं. गुडघा सरळ करत नेला तसा शेवटी शेवटी आकडा झपकन वर. गाईड सर खूश, कारण पुस्तकातही सरळ होताना एसीएल ताणलं जातं. मला ती चढण जरा जास्तच खडी वाटली. म्हणून त्याच गुडघ्यातलं लिगामेंट टिबियाकडून (नडगीच्या हाडाकडून) कापलं आणि पुन्हा सरळ केला. आकडा आलाच! लिगामेंट लोंबतंय आणि बकल बल दाखवतंय. चौकट मांडीच्या हाडाच्या खाचेत दाबली जात होती, आम्ही तेच मोजत होतो.

सरांचं म्हणणं, "चांगलं सँपल वाया घालवलंस. कापल्यावर काय मोजणार, कप्पाळ?" रिपोर्टात पहिलाच ग्राफ गेला. खाली माझी सही आहे, ते जास्त टोचतं.

कापूनच तर मोजतात, सर! पिट्सबर्गला साव्हिओ वू यांच्या गटाने १९९० च्या दशकात रोबोवर हेच केलं. सहाही घटक, म्हणजे तीन बलं आणि तीन मोमेंट (फिरवणारे जोर), मोजणारा सेन्सर लावायचा, अख्ख्या गुडघ्याला ओढ द्यायची, हाडं कशी सरकली तो मार्ग साठवायचा. मग एसीएल कापून गुडघा त्याच मार्गाने पुन्हा न्यायचा. दोन वेळच्या बलांची वजाबाकी म्हणजे एसीएलने उचललेला वाटा. लिगामेंटवर काही बसवायलाच नको.

स्ट्रेन सेन्सर फक्त त्याच्या दोन काट्यांमधले तंतू किती ताणले ते सांगतो. एसीएलचे दोन पदर वेगवेगळ्या कोनांत ताणले जातात. एका ठिकाणचा स्ट्रेन घेऊन त्याला स्टिफनेसने (ताठपणाने) गुणायचं आणि न्यूटन म्हणून छापायचं, ही शुद्ध थाप आहे. "यूटीएमवर (ओढून ताकद तपासायच्या मशीनवर) तुटेपर्यंत ओढ की" असंही कुणीतरी सांगेल. वूंच्याच १९९१ च्या पेपरात माणसाचं एसीएल तुटायला तरुणांत सरासरी २१६० न्यूटन लागले, म्हणजे सुमारे २२० किलोचं वजन, आणि साठीपुढच्यांत ६५८. ही झाली ताकद. रोजच्या हालचालीत किती बल येतं ते यातून कळत नाही.

तर एसीएलला दोन्ही नकोत. एमसीएल (गुडघ्याच्या, दुसऱ्या पायाकडच्या बाजूचं लिगामेंट) घेणार असाल तर बकल चालेल, ते सांध्याबाहेर मोकळं असतं. पण कॅलिब्रेशन (कुठला आकडा म्हणजे किती बल ते ठरवणं) टेबलावर करू नका, लिगामेंटची जाडी बदलली की आकडा बदलतो. टेस्ट झाल्यावर बकल तिथंच ठेवून लिगामेंटचं एक टोक सोडवा आणि त्याला वजनं टांगा. शिवाय बकलमधून वळल्यामुळे लिगामेंट थोडं आखूड होऊन आधीच ताणलं जातं, ते धरा.

रोबो नसेल तर एका कोनात फिक्श्चर (हाडं धरून ठेवणारी पकड) घट्ट लॉक करून लोड सेलचा (बल मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा घ्या, काहीही न हलवता लिगामेंट कापा, पुन्हा आकडा घ्या. त्याआधी पाच-दहा वेळा हलकं ओढून सोडा, नाहीतर लिगामेंट आपोआप ढिलं पडत जातं आणि तुम्ही तेच मोजता. सलाईनने ओलं ठेवायचं, हे सांगायला नकोच. एका अक्षाचा लोड सेल त्याच दिशेचं बल सांगेल, बाकीचं नाही. आणि या वजाबाकीत हाडं वाकत नाहीत असं गृहीत धरलेलं असतं.

सरांची बाजू सांगायची तर आमच्याकडे चारच गुडघे होते आणि सबमिशनला नऊ दिवस.

फिक्श्चर पत्र्याचं करू नका. कापल्याबरोबर ते उसळतं, हाड सरकतं आणि वजाबाकी फसते. मिस्त्री मला बिडाचं ओतून घ्या म्हणत होता, पैसे मीच वाचवले.