लिहिलेलं नाही, असं सांगायला शीक

कोल्हापूर

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. संडे स्कूलचा वर्ग हातात घेऊन दोन महिने झाले नाहीत तोवर मुलांनी तुला कोंडीत पकडलं. आदामाच्या मुलाला, काइनाला, बायको कुठून मिळाली? बाराव्या वर्षी मंदिरात सापडलेला येशू तिशीपर्यंत काय करत होता? जमिनीवर बोटानं त्यानं काय लिहिलं? "बायबलनं हे जरा उलगडून सांगायला नको होतं का?" असं तू विचारलंस. मलाही तसंच वाटतं, आणि आजचं नाही, वॉर्डात नर्स म्हणून लागले तेव्हापासूनचं. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हा पहिल्यांदा हे पुस्तक ऐकणाऱ्या आपल्या लोकांनाही वाटलं असेल. तेव्हा आपला विश्वास कमी पडतोय ही भीती आधी काढून टाक.

काइनाच्या बायकोवर फार वेळ घालवू नकोस. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात, आदामाला आणखी मुलगे-मुली झाल्याचं एक वाक्य आहे, ते दाखव आणि पुढे जा. प्रेषित पौलाच्या पत्रांतल्या बऱ्याच कोड्यांचं कारणही साधं आहे. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांविषयी तो करिंथ शहरातल्या मंडळीला जाता जाता लिहून जातो. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं समजावलं नाही. आपण दुसऱ्याच्या घरी आलेलं पत्र वाचतोय, आणि त्यांनी पौलाला धाडलेलं पत्र आपल्या हाती नाही.

पण महापुरात नोहाचं कुटुंब तारवात, म्हणजे मोठ्या जहाजात, वाचलं त्या गोष्टीवर सुतारवाड्यातल्या त्या पोरानं विचारलेलं असं झटकता येत नाही. "तारवाच्या बाहेर ऱ्हायलेल्यांचं काय झालं, टीचर? ल्हान पोरं पण हुती न्हवं?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं पंचावन्न फूट ओलांडले, तेव्हा तो आईच्या कडेवर होता. ४३ फुटांना धोक्याची पातळी. त्यावर बारा फूट पाणी म्हणजे काय, हे त्याच्या घरच्या भिंतीवर ओलीच्या रेघेनं लिहिलेलं आहे. चिखली-आंबेवाडीची माणसं होड्यांतून बाहेर काढली, दावणीची जनावरं गेली. २०२१ ला पुन्हा तेच. त्याला नोहाची गोष्ट रंगीत चित्रांतून कळत नाही, बाळा. तो बाहेरच्या बाजूनं ती ऐकतो.

तिथं पुस्तक खरोखरच गप्प आहे. सगळे मेले, एवढं सांगतं. देवाला मनात दुःख झालं, असं सहाव्या अध्यायात आहे, पण ते पाणी येण्याआधीचं. आणखी एक गोष्ट बघ. पूर येतो, चढतो, ओसरतो, आणि या सबंध काळात नोहा एक शब्द बोलत नाही. त्याचं पहिलं बोलणं नवव्या अध्यायात, तेही शाप. सदोम शहर वाचावं म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान सापडले तर इथपासून दहा सापडले तर इथपर्यंत. नोहानं शेजाऱ्यांसाठी तोंड उघडल्याचं कुठं नाही. का, ते लिहिलेलं नाही. त्या पोराला तसंच सांग: "तू विचारतोस ते बरोबर आहे, आणि पुस्तकात त्याचं उत्तर लिहिलेलं नाही."

मोठ्या वर्गातल्या मुली उद्या इफ्ताहाच्या मुलीविषयी विचारतील. नवस बोलला की फेडावा लागतो, हे त्यांना शिकवायला नको. चैत्रात जोतिबाला जाणारी माणसं त्या लहानपणापासून बघतात. इस्राएलाचा सेनानायक इफ्ताह नवस बोलला, की लढाई जिंकून आलो तर दारातून आधी जे सामोरं येईल त्याचा होम करीन, आणि आधी लेक सामोरी आली, डफ वाजवत. मुलाचा बळी द्यायला उचललेला अब्राहामाचा हात वरून हाक मारून थांबवला होता. इथं हाक आली नाही. काही अभ्यासक म्हणतात, तिला मारलं नाही, जन्मभर अविवाहित ठेवलं. मला ते मजकुरातून ओढून काढल्यासारखं वाटतं. लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नवसानं वाहिलेल्या माणसाला मोल भरून सोडवायची सोय आहे. मग एकाही याजकानं त्या बापाला ती का सांगितली नाही? इथं एक ओळ जास्त हवी होती, असं मला फार वाटतं. निदान "परमेश्वराला हे आवडलं नाही" एवढी. ती नाही. आहे ते एवढंच, की इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी जात. मुलींना ते चार दिवस नक्की वाचून दाखव.

आता मी एवढ्या आग्रहानं का लिहितेय, ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्रपाळीला एका बाईचं चार वर्षांचं मूल तापानं गेलं. आपल्याच चर्चच्या मंडळीतली बाई. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "देवाला चांगली फुलं हवी असतात, म्हणून तो लवकर नेतो." ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं विचारलं, "कुठल्या अध्यायात लिहिलंय, सिस्टर?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. देवानं जिथं बोलणं टाळलं होतं, तिथं त्याच्या नावावर मी बोलले होते. नंतर ती मंडळीत येत राहिली, पण माझ्या बाकावर कधी बसली नाही. मी क्षमा मागायला हवी होती. उद्या मागू म्हणत राहिले, आणि तिचं कुटुंब गाव सोडून गेलं.

त्यानंतर मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक नीट वाचलं. त्या भल्या माणसाची मुलं, धन, तब्येत सगळं गेलं. त्याच्यावर हे का आलं, ते सुरुवातीलाच आपल्याला कळतं. त्याला मात्र बेचाळिसाव्या अध्यायापर्यंत कुणी सांगत नाही, देवसुद्धा नाही. मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मातीत मुकाट बसले. मग तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडू लागले, पानंच्या पानं. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. ओरडून जाब विचारणाऱ्या ईयोबावर झाला नाही.

रविवारी नोहाचा धडा पुढे ढकलू नकोस. त्या पोराला पुढच्या बाकावर बसव, आणि आठव्या अध्यायात पाणी ओसरतं तिथं त्यालाच वाचायला दे. चिखल, कुबट वास, वाळत घातलेली अंथरुणं त्यानं बघितली आहेत; वर्गाला तो सांगू दे. आणि वर्ग सुटल्यावर त्याला माझ्याकडे घेऊन ये. मी चहा ठेवते.

तुझी,
मावशी