नोकऱ्या कमी होत नाहीत हे खरं, पण कुणाच्या?

तुमची मिसेस अकरा वर्षं एका कंपनीत क्लेम तपासायचं काम करतात, आता तेच काम सॉफ्टवेअर करायला लागलंय, आणि तुम्ही कुठंतरी वाचलंत की ऑटोमेशनने एकूण नोकऱ्या कमी होत नाहीत, मग काळजी करायची की नाही असं विचारलंय. मी बरीच वर्षं लेबर इकॉनॉमिक्स शिकवतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते तुमच्या घराबद्दल नाही.

अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटर मुलींचं बघा. शंभर वर्षांपूर्वी तिकडे फोन उचलला की "नंबर प्लीज" म्हणणारी मुलगी असायची, ती बोर्डावर वायरची पिन खोचून लाइन जोडून द्यायची, तरुण मुलींसाठी ही तेव्हाची अगदी कॉमन नोकरी. १९२० ते १९४० मध्ये एटी अँड टी कंपनीने अर्ध्याहून जास्त नेटवर्क डायलवर नेलं, म्हणजे लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले, आणि हा बदल शहरागणिक एका रात्रीत व्हायचा, म्हणजे कोणत्या शहरात कधी झाला ते नेमकं सांगता येतं. जेम्स फायगेनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या दोन अर्थतज्ज्ञांनी जनगणनेच्या नोंदी जोडून त्या मुलींचं पुढे काय झालं ते शोधलं. नंतर मोठ्या झालेल्या मुलींचं फारसं बिघडलं नाही, कुणी सेक्रेटरी झाल्या, कुणी हॉटेलात लागल्या, एकूण रोजगार पडला नाही. पण जी त्या दिवशी खुर्चीत बसलेली होती ती दहा वर्षांनी कमी पगाराच्या कामात सापडण्याची नाहीतर कामातच नसण्याची शक्यता जास्त होती. तुमच्या मिसेस त्या खुर्चीतल्या आहेत हो, आणि घर चालतं ते त्या खुर्चीच्या पगारावर.

दुसरं म्हणजे नुकसान वर्षभरात भरून निघतं असं लोक धरून चालतात. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या, सहा किंवा जास्त वर्षं नोकरी झालेल्या कामगारांवर पेपर लिहिला, त्यात नोकरी गेल्यावर पाच-सहा वर्षांनीही कमाई आधीच्या मानाने साधारण २५ टक्के कमीच होती. (हे कामगार ऑटोमेशननेच गेले असं नाही, कंपन्या डबघाईला येऊनही गेले, पण जुनी नोकरी सुटली की काय होतं ते कळतं.) कारण सरळ आहे, अकरा वर्षांत आपण जे शिकतो त्यातलं निम्मं त्याच ऑफिसात चालतं, कुठली फाइल कुणाकडे अडते वगैरे, बाहेर त्याला कुणी पैसे देत नाही. आणि कॅनडात तर वडिलांची कंपनी बंद पडली त्या घरातले मुलगे मोठेपणी सुमारे ९ टक्के कमी कमावताना दिसले, तेही मुख्यतः गरीब घरांतले. हे वाचलं की मला अजूनही पोटात तुटतं.

माझी आत्या ट्रंक ऑपरेटर होती, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून द्यायची. हेडसेटच्या पट्टीचा वळ कायम केसांत, आणि घरी कुणी लांबण लावली की "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" म्हणायची. गावात एसटीडी आलं, म्हणजे बाहेरगावचा नंबरही थेट फिरवता यायला लागला, बोर्ड निघाला, आणि तिला बिलाच्या काउंटरवर बसवलं, पगार तोच, पेन्शन तीच, त्यामुळे भावंडांच्या फिया वेळेवर गेल्या. मशीन तेच, पण सरकारी नोकरीने घर सावरलं, त्या अमेरिकन मुलींना तसं काही नव्हतं.

म्हणून काम पूर्ण बंद व्हायची वाट बघू नका, आत असतानाच दुसऱ्या डिपार्टमेंटला बदली मागायला सांगा, कारण आतल्या आत सरकलं तर अकरा वर्षांचं ते निम्मं शिकलेलंही कामाला येतं. बाहेर पडून मग शोधणं हे फार महाग पडतं. आणि होम लोन असेल तर आत्ता वाढवू नका. त्या पर्मनंट आहेत की कॉन्ट्रॅक्टवर, आणि सॉफ्टवेअरने अडवलेले क्लेम कोण बघतं तिथे? ते काम अजून माणसांकडे असणार, त्यांना तिकडे जाता येईल का ते विचारून इथेच लिहा, मी बघते.