वाचकांचे प्रश्न : हवेतले कण, ध्रुवावरचे ढग आणि बर्फ

प्रश्न : नमस्कार, हवेतल्या बारीक कणांमुळे ध्रुवांवरचे ढग बदलतात आणि त्यामुळे बर्फ जास्त वितळू शकतो असं वाचलं. पण ढग आले की ऊन अडतं आणि गार वाटतं ना? मग उलटं कसं? आणि अंटार्क्टिकावर कारखाने नाहीत, गाड्या नाहीत, तिथे कण येतात तरी कुठून?

उत्तर : तुमची शंका अगदी बरोबर आहे, समुद्रावर किंवा जंगलावर दिवसा ढग आला की खाली गार होतं कारण खालची जमीन काळपट असते आणि ढग पांढरा. पण ताज्या बर्फावर हा हिशोब चालत नाही, तो स्वतःच ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो, त्यामुळे वर ढग आला तरी ऊन अडण्यात फार फरक पडत नाही. उरतं ढगाचं दुसरं काम, खालून निघालेली उष्णता शोषून परत खाली सोडायची, म्हणजे पांघरुणासारखं. आणि हिवाळ्यात कित्येक महिने सूर्यच नसतो, तेव्हा तर एवढंच काम उरतं.

आता कणांकडे येऊ. वाफेला थेंब व्हायला काहीतरी धरायला लागतं, मीठ, सल्फेट, धूळ काहीही. शहराच्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये हजारो कण असतात, मध्य आर्क्टिकवर मात्र ढगाचा थेंब बनवू शकतील असे कण कधीकधी दहासुद्धा नसतात. अशा स्वच्छ हवेत थेंब थोडे आणि मोठे होतात, लवकर खाली पडतात आणि ढग विरून जातो. तिथे थोडे कण वाढले तरी थेंब बारीक आणि भरपूर होतात, ढग टिकतो आणि खालचा बर्फ गरम राहतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ढगातलं शुद्ध पाणी शून्याला गोठतच नाही, साधारण उणे ३८ अंशांपर्यंत ते थेंब म्हणूनच राहू शकतं, त्याआधी गोठायला खास प्रकारचे कण लागतात, काही खनिज धूळ, काही बॅक्टेरिया वगैरे, आणि असे कण लाखात एखादा. पण तो एखादा आला की त्याच्यावर स्फटिक बनतो, आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेत वाढतो आणि हिम होऊन खाली पडतो. ढगातलं पाणी संपतं, ढग विरळ होतो, उष्णता अवकाशात निघून जाते. म्हणजे एका जातीचे कण बर्फ गरम ठेवतात आणि दुसऱ्या जातीचे गार करतात, म्हणून 'कण वाढले की काय होतं' याचं एका शब्दात उत्तर देताच येत नाही. (स्फटिक थेंबांच्या जिवावर वाढतात हे आल्फ्रेड वेगेनरने १९११ मध्येच मांडलं होतं, तोच खंड सरकतात म्हणणारा, १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच गेला बिचारा.)

हे नुसतं थिअरीत नाही. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या सुमारे ९७ टक्के पृष्ठभागावर वितळण दिसली, अगदी ३२०० मीटर उंचीच्या समिट स्टेशनवरसुद्धा. गरम हवा आली होती हे खरंच, पण तेव्हा तिथे पाण्याच्या थेंबांचे पातळ खालचे ढगही होते. जाड असते तर ऊन अडलं असतं, आणखी विरळ असते तर उष्णता निसटली असती, ते नेमके मधले निघाले आणि तापमान शून्याच्या वर गेलं.

अंटार्क्टिकाचं म्हणाल तर तिथले बरेच कण समुद्रच देतो. लाटांच्या तुषारातून मीठ येतं, आणि उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, त्याचे हवेत सल्फेट कण होतात. हे सगळे थेंब बनवणारे कण, गोठवणारे तिकडे फारच कमी. त्यामुळे दक्षिण महासागरावरचे ढग शून्याच्या बरेच खालीही पाण्याचेच राहतात, आणि बऱ्याच क्लायमेट मॉडेल्समध्ये हे ढग लगेच गोठून जायचे, म्हणून मॉडेलमधल्या त्या समुद्रावर खऱ्यापेक्षा जास्त ऊन पोचत होतं.