बाळाची वाढ: आकडा नको, रेघ बघा

परदेशात बाळाची तपासणी झाली की हातात एक आकडा पडतो, ‘७५वा पर्सेंटाइल’, म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांपैकी साधारण ७५ बाळं याच्यापेक्षा हलकी. मूल पुढे लठ्ठ होण्याचा धोका किती, हे त्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं वाढीच्या तक्त्यावर बाळाची रेघ कुठून कुठे गेली यावरून. पहिल्या दोन वर्षांत वजनाची रेघ एक अख्खी पट्टी चढली, म्हणजे ५०वर असलेलं बाळ ७५च्या पुढे गेलं, तर तिला वेगवान वजनवाढ म्हणतात. अशा मुलांमध्ये पुढे लठ्ठपणा जास्त आढळतो.

मात्र वजनाला लांबीची जोड हवीच. समजा, जन्मतः ३.२ किलोची मुलगी सहाव्या महिन्यात ८.२ किलोची झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या तक्त्यावर ती मधल्या, म्हणजे ५०च्या रेघेवरून साधारण ८४व्या पर्सेंटाइलवर गेली. तिची लांबी ६८ सेंमी असेल तर बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या लांबीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १७.७ येतो, लांबीही सोबतीने वाढते आहे, घाबरायचं कारण नाही. लांबी ६५.७ असेल तर तोच १९ होतो, आणि मग लक्ष ठेवायला हवं. इथेच मोजमापाची गफलत होते. खरी लांबी ६६.७ असताना गुडघा जरासा वाकलेला राहिला आणि १ सेंमी कमी भरली, तर १८.४चा १९ होतो. म्हणून मोजताना दोघं जण लागतात: एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळवे दाबायचे. शंका वाटली तर पुन्हा मोजायला सांगा, संकोच करू नका.

जन्मतः बारीक असलेल्या बाळाची थोडी भरपाई व्हायलाच हवी, पण त्याला गुटगुटीत करायची घाई नको. पुण्यातल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची आढळली, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. तरीही पुण्याच्या बाळांच्या पाठीवरची, त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. वजन कमी म्हणजे चरबी कमी, असं गृहीत धरता येत नाही.

दुसरी खूण उशिरा दिसते. बीएमआय साधारण नवव्या महिन्यापर्यंत चढतो, मग उतरत जातो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा वर वळतो. हे वळण पाचच्या आधी आलं तर धोका वाढतो. चार वर्षांच्या मुलाचं बाळसं ओसरून ते सडपातळ दिसू लागलं, की घरच्यांना वाटतं ते वाळलं. ते वाळलेलं नसतं, वयानुसार उतरलेलं असतं. तेव्हा आग्रहाने भरवू नका.

देश बदलताना पर्सेंटाइल नव्हे, तारखेसह किलो आणि सेंटिमीटर लिहून न्या. अमेरिकेत दोन वर्षांनंतर तक्ताच बदलतो, ब्रिटनमध्ये चार वर्षांनंतर. शिवाय दोनच्या सुमारास आडवं मोजण्याऐवजी उभं मोजतात, त्यात सुमारे ०.७ सेंमी कमी भरते. मूल तेच असतं, रेघ मात्र उडी मारते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.

रेघ चढत असली तरी दूध तोडायचं नाही, पाणी घालून पातळ तर मुळीच करायचं नाही. पावडरचा चमचा दाबून न भरता सपाट करा. बाळाने तोंड फिरवलं की बाटली बाजूला. उरलेलं दूध संपवायला लावू नका. बाटलीत पीठ मिसळू नका, वर्षाच्या आत फळांचा रस नको. झोपही महत्त्वाची: ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास.

आईचं गरोदरपणापूर्वीचं वजन जास्त असेल, गरोदरपणात मधुमेह झाला असेल किंवा धूम्रपान झालं असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि वजन चढतंय पण उंची थांबली आहे असं दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. ते निव्वळ खाण्यापिण्याचं नसतं, हार्मोन्सची तपासणी लागू शकते.