दोन वर्षं दर तोच, एजन्सीशी बोलू कसं?

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांचा आहे, शृंगारतळीला राहतो. बंगळुरूच्या एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, पण माझा करार पुण्यातल्या एजन्सीशी आहे. तासाला ७०० रुपये मिळतात. दोन वर्षं झाली, दर तोच. विचारलं की एजन्सीच्या मॅडम म्हणतात, "क्लायंटकडे बजेट नाही. आणि तुम्ही गावात राहता, तुम्हाला खर्च तो काय?" परवा क्लायंटच्या मॅनेजरच्या तोंडून निघून गेलं की माझ्यासाठी ते तासाला ११५० मोजतात. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. करार ३० सप्टेंबरला संपतो. सरळ कंपनीशीच बोलू का? की एजन्सीला हा आकडा सुनावू? आणि मागू तरी किती?
एक वाचक, ता. गुहागर

उत्तर: तो आकडा सुनावू नका. एक तर तो जीएसटीसकट आहे की सोडून, हे तुम्हाला माहीत नाही. एजन्सी क्लायंटला जे बिल लावते त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो. ११५० त्यासकट असतील तर मूळ दर ९७५च्या आसपास येतो, आणि मधला फरक ४५० नाही, २७५ उरतो. पुष्कळ कंपन्या एजन्सीचं बिल साठ-नव्वद दिवसांनी चुकतं करतात. तुम्हाला दरमहा पैसे मिळत असतील तर तोवर एजन्सीचे पैसे अडकलेले असतात. मी त्यांची बाजू घेत नाही, पण चुकीच्या आकड्यावर भांडण उभं केलंत तर पहिल्याच वाक्याला हराल. शिवाय ज्याच्या तोंडून हे निघालं तो मॅनेजर अडचणीत येईल, आणि उद्या तुमच्यासाठी शब्द टाकायचा आहे तो त्यानेच.

माझे वडील केळशीहून मुंबईच्या दलालाकडे आंबा पाठवायचे. पेट्या गेल्या की काही दिवसांनी पट्टी यायची: विक्री इतकी, त्यातून भाडं, हमाली, अडत म्हणजे दलालाचं कमिशन वजा, हातात इतके. बाबा प्रत्येक पट्टी तारेला ओवून ठेवत. हंगाम संपला की तो गठ्ठा पिशवीत घालून स्वतः मुंबईला जात. एका वर्षी मीही बरोबर होते. दलालासमोर बसल्यावर त्यांनी दराचा विषयच काढला नाही. म्हणाले, "यंदा माझ्या पेटीत डागी फळ किती निघालं, तेवढं सांगा." दलालाने वही चाळली आणि कबूल केलं की जवळजवळ नाहीच. "गिऱ्हाइकाची तक्रार?" तीही नव्हती. मग बाबांनी गठ्ठा पुढे सरकवला आणि पुढच्या हंगामाची अडत किती घेणार, ते विचारलं. त्या वर्षी अडत कमी झाली.

तुम्हीही हाच क्रम धरा. आधी कामाचं समोरच्याच्या तोंडून येऊ द्या. मॅनेजरला पैशांबद्दल अक्षर न काढता विचारा, "पुढच्या वर्षीही मी टीमवर हवा आहे का? असेन तर एजन्सीला तसं दोन ओळींत कळवाल का?" ही मेल एजन्सीकडे पोचली की मगच तुमचं पत्र जाऊ द्या. पत्रात "मेहनतीने काम केलं" वगैरे नको. आधी चार दिवस खाणारी रिग्रेशन टेस्ट, म्हणजे बदलानंतर जुनं सगळं नीट चालतंय ना याची फेरतपासणी, तुम्ही ऑटोमेट करून एका रात्रीवर आणली असेल तर तसं लिहा. नवीन मुलांना शिकवलं असेल तर किती जणांना, ते लिहा.

वेळेचं मी स्वतः ठेच लागून शिकले. मी बरीच वर्षं एका एजन्सीमार्फत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. एकदा नूतनीकरणाचा कागद आला, मी विश्वासाने सही केली आणि आठ दिवसांनी दराचं विचारलं. उत्तर आलं, आता वर्षभराचं ठरलं. पुढे कळलं की त्याच नूतनीकरणात क्लायंटकडून त्यांनी दर वाढवून घेतला होता. ते आजही मनाला लागतं. क्लायंटची पुढच्या मुदतीची ऑर्डर निघते, त्याच्या आधी बोलायला हवं, म्हणजे करार संपण्याच्या सहा-आठ आठवडे आधी. नूतनीकरणाला एजन्सीला नवा माणूस शोधायचा, मुलाखती घ्यायचा खर्च नसतो. तुमच्या वाढीला जागा असते ती तिथेच.

आता आकडा. वर्षातून शनिवार-रविवारचे १०४ दिवस काढले की २६१ उरतात. १० सुट्ट्या आणि गणपती, शिमगा, आजारपण मिळून २१ दिवस धरा, म्हणजे कामाचे २३०. रोज आठ तासांप्रमाणे १८४० तास, ७०० रुपयांनी १२,८८,०००. पगारी माणसाला त्या ३१ दिवसांचेही पैसे मिळतात. तुमच्या दराने ते १,७३,६०० रुपये होतात, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा वेगळाच. म्हणून तुमचा दर एखाद्याच्या महिन्याच्या पगाराशी ताडून बघू नका. मी तुमच्या जागी असते तर ८५० मागितले असते आणि ८००वर सही केली असती. मूळ दर ९७५च असला तरी ८००मध्ये एजन्सीला तासाला १७५ उरतात. ७७०च्या खाली सही करू नका. ८५० मिळाले तरी वर्षाचे १५,६४,००० होतात. दुसरं उत्पन्न नसेल तर २० लाखांच्या जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपासून तुम्ही लांबच आहात.

"गावात खर्च तो काय" या वाक्याचा मला राग येतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. लॅपटॉप आणि मोबाइल पिशवीत घालून मी जनरेटर असेल त्या घरी जाऊन बसायची, आणि एकही मुदत चुकवली नाही. इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, दोन कंपन्यांचं इंटरनेट, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या लाइनसाठी केलेली सोय, हे सगळं तुम्ही खिशातून भरता. मॅडमना शांतपणे एवढंच सांगा की क्लायंटला काम मिळतं, ते शृंगारतळीहून आलं म्हणून त्याचे तास छोटे होत नाहीत.

कंपनीशी परस्पर बोलण्याचं म्हणाल, तर क्लायंटकडे थेट काम करायला मनाई करणारं कलम तुमच्या करारात आहे का, ते आधी वाचा. १८७२च्या करार कायद्याचं २७वं कलम धंद्याला आडकाठी करणारी अट सर्वसाधारणपणे रद्दबातल मानतं, म्हणून करार संपल्यानंतरचे असे निर्बंध अनेकदा टिकत नाहीत. पण क्लायंट आणि एजन्सी यांच्यात वेगळा करार असतो. तुम्हाला थेट घेतलं तर एजन्सीला ठरावीक रक्कम द्यावी लागेल, अशी अट त्यात बऱ्याचदा असते. मॅनेजर त्या भानगडीत पडणार नाही. चोरून तर मुळीच जाऊ नका.

एजन्सीच्या मॅडम वाढीला नाहीच म्हणाल्या, तर वर्षाऐवजी सहा महिन्यांचा करार मागा, आणि मार्चमध्ये दराचा फेरविचार होईल हे त्यात लिहून घ्या. नोटीस साठ दिवसांची असेल तर तीसवर आणा. दरम्यान आणखी दोन एजन्सींना याच कामाचा दर विचारून ठेवा. दुसरी जागा हातात नसताना "सोडतो" हा शब्द मात्र तोंडातून काढू नका.

पत्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाऊ दे. उत्तर मेलवरच मागा. गणपतीला मुंबईची माणसं येऊन घर भरलेलं असताना तुम्हाला पडवीत उभं राहून फोनवर आकडे बोलायला लागू नयेत.