साका निघाला तर?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुमचे हापूस विकायला तू केलेल्या पानाची लिंक उघडून पाहिली. आठवड्यात जाहिरातीवर आठ हजार गेले, ४१० माणसं पानावर आली आणि ऑर्डरी सहा. ऑर्डरी वाढायला पानावरचं बटण हिरवं ठेवू की केशरी, असं विचारलंयस. रंग राहू दे आहे तसा. आधी परवाची गंमत ऐक.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू दर हंगामात पाच-सहा डझन हापूस घेतात आणि वाणसामानसुद्धा फोनवरूनच मागवतात. तुझं पान उघडून फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, दोन डझनांची पेटी मागवा, मी मध्ये बोलणार नाही. खरंच बोलले नाही. मला ते किती जड जातं ते तुझ्या आईला विचार.

पहिल्यांदा आलं बागेवरून उडणारं ड्रोनचं चित्रीकरण. तेही अडखळत. काकूंनी ते वर सारलं. मग आजोबांनी कलमं कशी लावली त्याची कहाणी. तीही सारली. "डझन केवढ्याला ते कुठंय?" चौथ्यांदा सारल्यावर पेटीचा फोटो आला. त्यावर त्यांनी दोनदा बोट दाबलं, काहीच झालं नाही, कारण तो नुसता फोटो आहे. खाली बटण : 'आत्ताच अनुभवा'. काकू म्हणाल्या, "अनुभवायचं काय? आंबा आहे की सहल?" तरी दाबलं. नाव, ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. "ईमेल मुलगा बघतो गं." मी माझा घातला. पत्ता भरून झाला, आणि अगदी शेवटच्या पडद्यावर पोचवण्याचे ३५० रुपये वर चढले. काकूंनी फोन माझ्या हातात ठेवला. "त्यापेक्षा मंडईत जाऊन येते."

मागच्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हा ओटीवर बसून तुझ्या बाबांचं फोनवरचं बोलणं ऐकत होते. दिवसभरात पंधरा-वीस फोन, आणि प्रश्न तेच ते, जवळजवळ त्याच क्रमाने. आंबा तुमच्याच बागेतला ना? भाव काय? कच्चा पाठवता की तयार? आमच्याकडे कधी पोचेल? आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरत, "साका निघाला तर?" बाबा या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देतात, म्हणून गिऱ्हाईक फोन ठेवायच्या आत पत्ता सांगून मोकळं होतं. तुझ्या लँडिंग पेजवर, म्हणजे जाहिरातीवरून माणूस येऊन पोचतो त्या पानावर, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन पडद्यांत नाही. ड्रोन आहे.

साक्याचंच घे. फळ बाहेरून सोन्यासारखं दिसतं, कापलं की आत पांढरट, आंबूस गर. वरून ओळखता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. हजारांत पैसे मोजणाऱ्या माणसाच्या मनात हीच भीती असते आणि तुझ्या पानावर त्या शब्दाचा उल्लेखही नाही. मला वाटतं तू मुद्दाम टाळलायस, आपल्याच मालाचा दोष कशाला सांगा म्हणून. उलट कर. भावाच्या लगेच खाली लिही : 'कापल्यावर साका निघाला तर त्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.' बाबा फोनवर हेच सांगतात आणि पाळतातही. जे पाळता तेवढंच लिही, एक अक्षर जास्त नको.

'शंभर टक्के अस्सल देवगड' हे वाक्य काढून टाक. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरणाराही तेच लिहितो. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची त्याखाली नोंदणी झाली असेल तर तो क्रमांक टाक. नसेल तर गावाचं नाव आणि बाबांचा पेटी भरतानाचा फोटो टाक, बनियनवर असले तरी चालेल. आंबा झटपट पिकवायच्या कार्बाइडवर देशात बंदीच आहे, तेव्हा 'कार्बाइडमुक्त' हे बिरुद मिरवण्यापेक्षा आढी कशी लावता ते दोन ओळींत सांग. आंबा कच्चा येणार, गवतात किती दिवस ठेवायचा, तयार झाल्याचं वासावरून कसं ओळखायचं. हे आधी कळलं नाही तर माणूस पेटी उघडून हिरवी फळं बघतो आणि तुला शिव्या घालतो.

भावाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. हापूसचा भाव पाडव्याला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा आणि मे उतरताना तिसरा. म्हणून तू तो खाली दडवलास, हे समजतं. पण बाजारात पाटी असतेच ना, खडूने लिहिलेली? तुझ्या पानाच्या माथ्यावर तशी पाटी हवी : आजची तारीख, फळाचं वजन, डझनाचा भाव. रोज सकाळी बदल. पिनकोड सगळ्यात आधी विचार आणि पोचवण्याचा खर्च तिथेच मिळवून दाखव. शेवटच्या पडद्यावर वाढलेले साडेतीनशे माणसाला फसवल्यासारखे वाटतात. सुरुवातीला दिसले असते तर काकूंनी कदाचित कुरकुर करत दिलेही असते. आणि खातं उघडायला लावू नकोस. नाव, मोबाइल, पत्ता, यूपीआय, संपलं. बटणावर 'पेटी मागवा' लिही.

ते लाल घड्याळही उतरव, 'फक्त ३ पेट्या शिल्लक, ०९:५९'. मी पान पुन्हा उघडलं तर ते परत दहा मिनिटांपासून सुरू झालं! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा प्रकार सांगितलेत, त्यात खोटी घाई पहिलीच आहे, आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणंही आहे. मी पण हे पाप केलंय. फराळ परदेशी पाठवणाऱ्या एका व्यावसायिकासाठी असंच घड्याळ लावलं होतं. पहिल्या आठवड्यात ऑर्डरी वाढल्या, मी पेढे वाटले. पुढच्या दिवाळीला जुनी गिऱ्हाइकं फिरकली नाहीत. घड्याळामुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तेव्हापासून लावलेलं नाही.

ड्रोनचं चित्रीकरण खाली कुठेतरी ने किंवा काढ. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे, आणि तुझं गिऱ्हाईक बसमध्ये, अर्ध्या रेंजमध्ये बसलेलं असतं. जाहिरातीत जो पेटीचा फोटो आणि भाव असेल तोच पानावर वर असू दे.

आता तुझा मूळ प्रश्न, हिरवं की केशरी. अर्ध्या लोकांना एक पान, अर्ध्यांना दुसरं दाखवून बघू का, असं विचारलंस. आकडे मांडू. मागवणारे दोन टक्क्यांचे अडीच टक्के झाले आणि ते नुसत्या नशिबाने झालेलं नाही, हे भरवशाने सांगायचं तर प्रत्येक पानाला साधारण चौदा हजार माणसं लागतात. तुझ्याकडे दिवसाला साठ येतात. म्हणजे सव्वा वर्ष. हंगाम अडीच महिन्यांचा.

२००८ च्या निवडणुकीसाठी ओबामांच्या प्रचार संकेतस्थळावर अशी चाचणी झाली होती. बटणं आणि चित्रं-चित्रफिती मिळून चोवीस जोड्या, आणि पाहणारे ३,१०,३८२. एकेका जोडीला तेरा हजारांच्या आसपास. तिथल्या मंडळींचा जीव चित्रफितींवर होता. त्या सगळ्या साध्या फोटोंपेक्षा मागे पडल्या. कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटण पुढे गेलं, नोंदणी ८.२६ टक्क्यांवरून ११.६ वर. (ड्रोनची आठवण झाली ना?) त्यांच्याकडे लाखो माणसं होती म्हणून त्यांनी यंत्राला विचारलं. तुझ्याकडे काकू आहेत. अशा आणखी चार जणांच्या हातात फोन दे, गप्प बस आणि बोट कुठे अडतं ते लिहून घे. त्यात निम्मे तरी असे असू देत ज्यांना तू मुलगी-भाची वाटत नाहीस, नाहीतर सगळे 'छान आहे गं' म्हणतील.

अजून एक. त्या सहा ऑर्डरींच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर किती आल्या? पानावर बाबांचा नंबर आहे, म्हणजे लोक पान बघून तिकडे गेले असणार. ते तुझ्या हिशेबात कुठेच नाहीत. तुझा कन्व्हर्जन रेट, म्हणजे आलेल्यांपैकी मागवणाऱ्यांचं प्रमाण, दीड टक्का आहे की तीन, हे आज तुलाही माहीत नाही आणि मलाही. पानावरच्या व्हॉट्सॲप बटणात 'पानावरून आलो' असा मजकूर आधीच भरून ठेव आणि रात्री बाबांबरोबर बसून मोज.

रविवारी फोन करते. तोवर बाबांच्या फोनमधले या आठवड्यातले प्रश्न वहीत उतरवून ठेव, त्यांच्या शब्दांत. आणि काकू मंडईतून हात हलवत परत आल्या, भाव ऐकूनच. मी त्यांना बाबांचा नंबर दिलाय. दोन डझन, पिनकोड ४११०३०. साक्याचं विचारतीलच.

तुझी,
मावशी